साथीच्या काळात मोकळ्या मांजरांची सोय : सोलापुरात हे काम नव्याने हाती घेणाऱ्यांसाठी

सोलापुरातल्या मोकळ्या मांजरांचे पोट माणसांच्या रोजच्या धंद्यावर चालते. खानावळीच्या मागच्या दारी पडणारे उष्टे, मटण आणि मासळीच्या दुकानांतली काटछाट, मार्केट यार्डातल्या गोदामांतले उंदीर आणि पूर्व भागातल्या यंत्रमाग कारखान्यांत कामगारांनी जेवणाच्या सुटीत पुढे केलेला भाकरीचा तुकडा, एवढ्यावर पेठापेठांतली मांजरे जगतात. मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे टाळेबंदी लागू झाली तेव्हा ही बहुतेक दारे एकदमच बंद झाली. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात शहरात पहिला रुग्ण आढळला, त्यानंतर एकेक वस्ती प्रतिबंधित क्षेत्र म्हणून बांबू आडवे लावून बंद होत गेली, आणि जुलैमध्ये कडक टाळेबंदीची आणखी एक फेरी आली. ज्यांनी पूर्वी कधी मांजर पाळलेही नव्हते अशा अनेकांनी त्या काळात गच्चीवर, बोळात किंवा बंद कारखान्याच्या फाटकाशी वाटी ठेवायला सुरुवात केली. हा लेख अशाच नव्या माणसांसाठी आहे. साथ पुढे कोणतीही आली तरी कामाचा क्रम बदलत नाही : आधी पाहावे, मग जागेवरच खाऊ घालावे, खरी गरज असेल तरच उचलावे, आणि उचलले तर त्याची पुरती जबाबदारी घ्यावी.

उचलण्याआधी

नवख्यांच्या हातून सर्वांत जास्त नुकसान होते ते चांगल्या हेतूने उचललेल्या पिल्लांचे. मांजरी पिल्लांना सात घरे फिरवते, असे आपल्याकडे म्हणतात. आकडा सोडला तर ते निरीक्षण अगदी खरे आहे. जागा असुरक्षित वाटली की मांजरी एकेक पिल्लू मानेला धरून दुसरीकडे नेते, आणि या हलवाहलवीच्या मध्यावर कोणी तेथे पोहोचले तर मागे राहिलेली दोन पिल्ले त्याला बेवारस वाटतात. ती उचलून घरी आणली की आईचे दूध तुटते, आणि वरच्या दुधावर इतकी लहान पिल्ले जगवणे किती कठीण असते ते पुढे सांगितले आहे.

म्हणून पिल्ले दिसल्यावर त्यांना हात न लावता लांब जाऊन उभे राहावे. माणूस जवळ असेपर्यंत मांजरी येत नाही, त्यामुळे तीनचार तास वाट पाहावी लागते. तेवढा वेळ थांबणे शक्य नसेल तर पिल्लांच्या भोवती ज्वारीच्या पिठाची पातळ रेघ ओढून निघून जावे आणि परतल्यावर त्यावर पावलांचे ठसे उमटले आहेत का ते बघावे. ज्वारीचे पीठ सोलापुरात कोणत्या घरात नसते? पिल्लांची पोटे गोल असतील, ती एकमेकांना चिकटून शांत झोपली असतील, तर आई येऊन जाते आहे असे समजावे आणि आईसाठी थोड्या अंतरावर खाणे व पाणी ठेवून द्यावे. याउलट पिल्लू हाताला गार लागत असेल, सतत ओरडत असेल, डोळे चिकटून बंद झाले असतील, जखमेवर माशीची पांढरी अंडी दिसत असतील, आई मेलेली असल्याचे नक्की कळले असेल, किंवा पिल्लू गटारात वा वाहत्या रस्त्यावर असेल, तर क्षणाचाही विलंब लावू नये.

मोठ्या मांजराच्या बाबतीत नियम याहून सोपा आहे. जे मांजर खाते, पळते आणि माणूस जवळ येताच निसटून जाते त्याला घराची नव्हे, खाण्याची गरज असते. लंगडणारे, तोंडातून लाळ गळणारे, अनोळखी माणूस जवळ आला तरी न हलणारे किंवा दोन दिवस एकाच जागी बसून राहिलेले मांजर मात्र उचलावे लागते. गळ्यात पट्टा असलेले, आपणहून जवळ येऊन ओरडणारे मांजर बहुधा कोणाचे तरी पाळलेले असते. साथीच्या सुरुवातीला मांजरांमुळे रोग पसरतो अशा अफवेने काहींनी ती बाहेर सोडून दिली होती. उपाशीतहानलेले मरेल अशा स्थितीत जनावर टाकून देणे हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० च्या कलम ११ प्रमाणे गुन्हा आहे, हे अशा शेजाऱ्याला शांतपणे सांगितले तर पुष्कळदा तो मांजर परत घेतो.

आणखी एक गोष्ट पहिल्याच दिवशी ठरवून टाकावी, ती म्हणजे आपल्या घरात एका वेळी किती मांजरे राहू शकतात. दोन खोल्यांच्या घरात, नोकरी सांभाळून, स्वतःच्या मांजरासह चार ही माझ्या मते वरची मर्यादा आहे. हा आकडा घरातल्या सर्वांना सांगून ठेवावा, म्हणजे पाचव्याच्या वेळी नाही म्हणणे सोपे जाते. जागा नसताना घेतलेले पाचवे मांजर आधीच्या चारांना आजार देते आणि घरातल्या माणसांचा धीर संपवते.

जागेवर खाणे आणि पाणी

मांजर हा मांसाहारी प्राणी आहे. टॉरिन नावाचे जे द्रव्य त्याच्या डोळ्यांना आणि हृदयाला लागते ते त्याच्या शरीरात पुरेसे तयार होत नाही. ते मांसातूनच मिळावे लागते. त्यामुळे दूधपोळीवर किंवा नुसत्या दूधभातावर मांजर काही दिवस तग धरते, पण वाढत नाही, आणि मोठ्या मांजरांपैकी अनेकांना गाईम्हशीचे दूध पचत नसल्याने जुलाब होतात. मूठभर भात, त्याच्या दुप्पट उकडलेली कोंबडीची मान, काळीज, पेटे (जठर) असा बेत परवडतो आणि चालतो. त्यात मीठ, हळद, तिखट, कांदा, लसूण यांपैकी काहीही नसावे. कांदा आणि लसूण यांनी मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. शिजवलेली हाडे काढून टाकावीत, कारण ती टोकदार तुकड्यांत तुटतात आणि घशात अडकतात. काळीज रोज देऊ नये, आठवड्यातून दोनदा पुरे. कोंबडी मिळत नसेल तेव्हा उकडलेले अंडे कुस्करून भातात मिसळावे. सुकट किंवा सुके बोंबील वापरायचे तर ते पाण्यात भिजवून, दोनदा पाणी बदलून, खारेपणा काढून मगच द्यावेत.

शहरात मांस न शिजवणारी घरे पुष्कळ आहेत, आणि त्यांतल्या कितीतरी घरांत मांजरांविषयी अपार माया असते. अशा घरांनी स्वयंपाकघरात तडजोड करण्याची गरज नाही. मांजरांसाठी मिळणारे कोरडे तयार खाद्य आणून ठेवावे. चार किलोच्या मोठ्या मांजराला दिवसाकाठी सुमारे ५० ते ६० ग्रॅम पुरते, आणि ते दोन वेळांत विभागून द्यावे. कुत्र्यांचे खाद्य स्वस्त पडते म्हणून मांजरांना घालू नये, कारण त्यात टॉरिन पुरेसे असेलच असे नाही. साथीच्या काळात दुकाने केव्हा उघडतील याचा भरवसा नसतो, म्हणून तीन आठवड्यांचे खाद्य हवाबंद डब्यात घरी असावे. त्याहून अधिक साठवल्यास सोलापूरच्या उन्हाळ्यात त्याला खवट वास येतो आणि मांजरे तोंड फिरवतात.

वेळ आणि जागा रोज एकच ठेवावी. सकाळी उजाडताना आणि दिवस मावळल्यावर, म्हणजे रस्त्यावर माणसे व कुत्री कमी असताना खाणे ठेवले, की मांजरे दोनचार दिवसांत वेळ ओळखतात आणि तुमच्या आधी येऊन बसतात. खाणे कागदावर किंवा पानावर द्यावे, अर्ध्या तासात उरलेले उचलून न्यावे आणि जागा पाण्याने धुवावी. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांच्या वर गेलेला असताना शिजवलेले मांस तासाभरात नासते, त्याला मुंग्या आणि माश्या लागतात, आणि शेजाऱ्यांची पहिली तक्रार वासाचीच येते. ती तक्रार बहुतेक वेळा रास्त असते. मांजरांवर राग असणारे शेजारी थोडे असतात. घाणीवर राग असणारे पुष्कळ असतात, आणि जागा स्वच्छ दिसू लागली की त्यांच्यापैकीच एखादा पाण्याचे भांडे भरून ठेवू लागतो.

पाण्यासाठी मातीचे पसरट, जड भांडे घ्यावे, ते सावलीत ठेवावे आणि खाण्यापासून हातभर दूर ठेवावे. नळाला पाणी काही दिवसांआड येणाऱ्या आपल्या शहरात पिंपातले जुने पाणीच मांजरांना घालण्याचा मोह होतो. ते चालते, मात्र भांडे रोज घासून कोरडे करून भरावे, नाहीतर त्यात डासांच्या अळ्या होतात आणि साथीच्या काळात डेंग्यूची नवी भीती आपणच उभी करतो.

संचारबंदीत बाहेर पडण्याचा प्रश्न वेगळा आहे. भारतीय प्राणी कल्याण मंडळाने मार्च २०२० मध्येच राज्यांना पत्र पाठवून टाळेबंदीत मोकळ्या प्राण्यांना खाणे-पाणी मिळत राहील असे पाहण्यास सांगितले होते. असे पत्र निघाले की त्याची छापील प्रत, आपले ओळखपत्र आणि प्रशासनाने दिलेला परवाना जवळ ठेवावा, एकट्याने जावे, ठरलेल्या वाटेने जाऊन थेट परतावे. प्रतिबंधित क्षेत्राच्या आत मात्र परवाना असला तरी शिरू नये. आत राहणाऱ्या एखाद्या कुटुंबाशी फोनवर बोलून कोरड्या खाद्याची पिशवी बांबूच्या अलीकडे ठेवणे, एवढेच योग्य.

बंद कारखान्यांतल्या मांजरांचा विचार निराळा करावा लागतो. सुताच्या गाठी उंदीर कुरतडतात म्हणून मागांच्या आसपास मांजरे पूर्वापार राहत आली आहेत. कारखाना बंद होताना कुलूप लागते, आणि बीमच्या (सूत गुंडाळलेल्या मोठ्या रुळाच्या) मागे किंवा सुताच्या कांड्यांच्या पेटाऱ्यात व्यालेली मांजरी आत अडकते किंवा बाहेर राहून तिची पिल्ले आत अडकतात. फाटकाशी कान देऊन पहाटे ऐकावे. भुकेल्या पिल्लांचा आवाज त्या शांततेत स्पष्ट येतो. मालकाशी किंवा मुकादमाशी बोलून कुलूप उघडून घ्यावे. भिंतीवरून उड्या मारून आत जाऊ नये, कारण मग तुमच्या शब्दाला परत किंमत उरत नाही.

पकडणे आणि आणणे

यासाठी सोलापूरकराला साधन शोधावे लागत नाही. आपल्याकडचा जाड टर्किश टॉवेल हे मांजर धरण्याचे उत्तम साधन आहे. मागून हळूच संपूर्ण अंगावर टाकावा, चारही पाय आत गुंडाळले जातील असा लपेटावा, डोके झाकलेले राहू द्यावे आणि गुंडाळी तशीच झाकणाच्या टोपलीत किंवा प्लास्टिकच्या जाळीदार पेटीत ठेवावी. पोते वापरू नये, त्यात श्वास कोंडतो. दुचाकीवरून नेताना पेटी दोघांच्या मध्ये घट्ट बांधून वरून चादर टाकावी. अंधार झाला की मांजर बहुधा शांत होते. अगदी रानटी झालेल्या बोक्याला हाताने धरण्याचा प्रयत्न करू नये. त्याच्यासाठी खाण्याचे आमिष ठेवलेला, आपोआप दार पडणारा पिंजरा लागतो.

मांजर चावले किंवा ओरबाडले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी, वर हळद, चुना, तिखट यांतले काही लावू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जावे. रेबीज झाल्यावर उपाय नाही, लस मात्र शासकीय रुग्णालयांत विनामूल्य मिळते. साथीच्या काळात रुग्णालयात पाऊल टाकायला माणसे घाबरतात आणि हे काम उद्यावर ढकलतात. तसे करू नये. या कामात नियमित पडणार असाल तर चावा बसण्याआधीच घेण्याची रेबीजची लसही असते, तिच्याविषयी डॉक्टरांना विचारावे.

घरातले विलगीकरण

आणलेले मांजर कितीही देखणे आणि गरीब असले तरी त्याला घरातल्या मांजरांपासून दोन आठवडे पूर्ण वेगळे ठेवावे. न्हाणीघर, गच्चीवरची खोली, जिन्याखालची बंद जागा, काहीही चालते. दार लागले पाहिजे आणि हवा खेळली पाहिजे. गच्चीवरची खोली पत्र्याची असेल तर मे महिन्यात ती अजिबात वापरू नये. तोंड उघडून धापा टाकणारे मांजर उष्माघाताच्या उंबरठ्यावर असते. त्याला सावलीत घेऊन पंजे, पोट आणि कान साध्या पाण्याने ओले करावेत, बर्फ लावू नये, आणि लगेच पशुवैद्यकांना फोन करावा.

विलगीकरण इतके कडक का, याचे मुख्य उत्तर पॅनल्यूकोपेनिया हा मांजरांचा विषाणूजन्य आजार आहे. उलट्या, जुलाब, ताप आणि एकाएकी खाणे बंद होणे ही त्याची लक्षणे आहेत. लस न घेतलेली पिल्ले त्यात दोनतीन दिवसांत जातात, आणि त्याचा विषाणू घरातल्या फरशीवर, टोपलीवर, आपल्या चपलांवर वर्षभर टिकू शकतो. म्हणून नव्या मांजराची भांडी, शी-लघवीचा ट्रे आणि टॉवेल वेगळे असावेत, त्याचे काम सर्वांत शेवटी करावे, आणि त्या खोलीसाठी चपलांचा वेगळा जोड दारातच ठेवावा. हात साबणाने धुवावेत. माणसांच्या साथीत आपण जे शिकलो तेच येथे लागू पडते, एक फरक सोडून : हाताला लावायचे अल्कोहोलचे सॅनिटायझर या विषाणूवर नीट चालत नाही.

फरशी पुसण्याच्या बाबतीत तर विशेष सावध राहावे. साथीच्या दिवसांत घरोघरी फिनाइलचा आणि जंतुनाशकांचा वापर दुप्पट झाला. ओतल्यावर पाणी दुधाळ होते अशी बहुतेक जंतुनाशके फिनॉल वर्गातली असतात, आणि मांजराच्या यकृताला हा वर्ग पचवता येत नाही. मांजर ओल्या फरशीवरून चालते, नंतर पंजे चाटते, आणि विष पोटात जाते. त्याऐवजी घरगुती ब्लीच म्हणजे सुमारे ५ टक्क्यांचे सोडियम हायपोक्लोराइट, एका भागास बत्तीस भाग पाणी या प्रमाणात घ्यावे. आधी साबणाने घाण धुवावी, मग हे पाणी दहा मिनिटे राहू द्यावे, शेवटी साध्या पाण्याने पुसून फरशी पूर्ण कोरडी झाल्यावरच मांजराला आत सोडावे. गल्लीत फवारणीची गाडी येणार असेल तेव्हा पाण्याची आणि खाण्याची भांडी आधी उचलून घ्यावीत, फवारणीनंतर धुवून परत ठेवावीत.

ट्रेमध्ये चाळलेली वाळू किंवा लाकडाचा भुसा चालतो. विष्ठा रोज काढावी. टॉक्सोप्लाझ्माचा जंतू विष्ठेत असला तरी तो संसर्ग करण्याजोगा व्हायला किमान एक दिवस लागतो, म्हणून रोजची सफाई हाच त्यावरचा उपाय आहे. घरात गरोदर स्त्री असेल तर हे काम तिला देऊ नये.

आई नसलेल्या पिल्लाचे दूध

या कामाइतके मन लावून करावे लागणारे दुसरे काम मांजरांच्या देखभालीत नाही, म्हणून ते सविस्तर सांगतो. प्रथम वय ओळखावे. डोळे मिटलेले असतील तर पिल्लू साधारण दहा दिवसांच्या आतले आहे. कान उभे राहिलेले असतील आणि पाय लटपटत का होईना उचलत असेल तर तीन आठवड्यांचे. पुढचे बारीक दात बोटाला लागू लागले की तीन ते चार आठवड्यांचे.

दूध पाजण्याआधी पिल्लाच्या तोंडात करंगळीचे टोक घालून पाहावे. तोंड आतून गार लागले तर दूध मुळीच पाजू नये. गारठलेल्या पिल्लाची आतडी काम करत नाहीत, दूध पोटात तसेच पडून राहते आणि पिल्लू फुगून मरते. त्याला आधी अंगाशी, सदऱ्याच्या आत धरून तासाभरात हळूहळू ऊब द्यावी. मग कोमट पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूस ठेवावी, म्हणजे गरम वाटल्यास पिल्लाला दुसऱ्या बाजूला सरकता येते. पहिल्या आठवड्यात पिल्लाच्या भोवती ३० ते ३२ अंश तापमान लागते. सोलापुरात मे महिन्यात ते आपोआप मिळते, परंतु कूलरच्या झोतात किंवा डिसेंबरच्या पहाटे नाही.

दूध शक्यतो मांजरांच्या पिल्लांसाठी मिळणाऱ्या भुकटीचेच करावे. ती न मिळाल्यास एकदोन दिवसांची वेळ निभावण्यापुरते शेळीचे दूध, त्यात अंड्याचा थोडा पिवळा बलक फेटून चालते. शेळीचे दूध आपल्याकडे सहज मिळते, हे सोलापूरचे एक सुदैव. दूध मनगटाच्या आतल्या बाजूस टाकल्यावर जेमतेम कोमट लागावे. सुई काढलेली दोन मिलिची सिरिंज घ्यावी. पिल्लाला टॉवेलावर पोटावरच, चारही पाय खाली टेकलेल्या स्थितीत ठेवावे, जसे ते आईपाशी पिते. बाळासारखे उताणे धरले की दूध श्वासनळीत जाते आणि दोन दिवसांत न्यूमोनिया होतो. सिरिंजचे टोक ओठाच्या कडेला लावून थेंब सोडावा, पिल्लाने गिळल्यावरच पुढचा थेंब सोडावा. ते पुढचे पंजे आळीपाळीने दाबू लागले, कान गिळण्याच्या लयीत हलू लागले, की जमले असे समजावे. नाकातून दूध आले तर लगेच थांबून डोके खाली करून नाक पुसावे.

शंभर ग्रॅमच्या पिल्लाला एका वेळी तीन ते चार मिलि पुरे, आणि पहिल्या आठवड्यात दर दोन ते तीन तासांनी, रात्रीसुद्धा. दुसऱ्या आठवड्यापासून अंतर वाढवत न्यावे. प्रत्येक पाजण्यानंतर कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या कापसाने शेपटीखाली हलके चोळावे, कारण तीन आठवड्यांपर्यंत पिल्लाला आपले आपण लघवी-शी करता येत नाही. आई चाटून ते करवून घेते. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर रोज एकाच वेळी वजन करून वहीत लिहावे. दिवसाला दहा ते पंधरा ग्रॅम वाढ झाली पाहिजे. एक दिवस वाढ थांबली तर लक्ष ठेवावे, वजन घटले तर वाट न पाहता पशुवैद्यकांशी बोलावे.

पिसवा झालेली लहान पिल्ले रक्त कमी होऊन दगावतात. उवा काढायची बारीक फणी घेऊन, पिसवा साबणाच्या पाण्यात बुडवत रोज फिरवावी. कुत्र्यांच्या गोचीड-पिसवांसाठीचे औषध मात्र मांजराला कधीही लावू नये. त्यातले परमेथ्रिन मांजराचा जीव घेते. चौथ्या आठवड्यापासून बशीत पातळ खाणे सुरू करता येते, आणि आठव्या आठवड्यापासून लशींची मालिका सुरू होते. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर देतात.

पशुवैद्यक दूर असताना

साथीच्या काळात दवाखाने ठराविक वेळच उघडतात, म्हणून दोन पशुवैद्यकांचे क्रमांक आणि शासकीय पशुवैद्यकीय दवाखान्याची वेळ आधीच विचारून ठेवावी. फोनवर बोलताना अंदाजे वय, वजन, शेवटचे कधी खाल्ले, शेवटची लघवी आणि शी कधी झाली, इतके सांगता आले तर डॉक्टरांना निर्णय घेता येतो. हिरड्यांचे उजेडात काढलेले छायाचित्र पाठवावे. वारंवार ट्रेमध्ये बसूनही लघवी न होणारा बोका, तोंड उघडून श्वास घेणारे मांजर, आणि दिवसभर काहीही न खाणारे पिल्लू, या तिघांना थांबता येत नाही. पहिल्याला तर एकदोन दिवसांत मूत्रमार्ग तुंबून मृत्यू येतो, आणि अनेक जण त्याला बद्धकोष्ठ समजून एरंडेल पाजत बसतात. घरातली पॅरासिटामॉलची गोळी मांजराला चतकोरही देऊ नये. माणसाच्या तापाच्या काळात ती प्रत्येक घराच्या फडताळात असते, आणि मांजराला ती विषासमान आहे.

तुम्हीच आजारी पडलात तर

माणसाकडून मांजराला कोरोनाचा संसर्ग होतो, हे २०२० च्या वसंतातच बेल्जियम आणि न्यूयॉर्कमधल्या पाळीव मांजरांत आढळून आले होते. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स प्राणिसंग्रहालयातल्या वाघिणीलाही तो झाला होता. बहुतेक मांजरांत आजार सौम्य राहतो, आणि मांजराकडून माणसाला संसर्ग होण्याची शक्यता फार कमी असते. मांजरांमध्ये पूर्वीपासून आढळणारा कोरोनाविषाणू, ज्यातून काही मांजरांना एफआयपी हा आजार होतो, तो वेगळा असून त्याचा माणसाच्या साथीशी संबंध नाही. तेव्हा ताप, खोकला सुरू होताच मांजरांचे काम घरातल्या दुसऱ्या व्यक्तीकडे द्यावे. ते शक्य नसेल तर मुखपट्टी लावून, आधी आणि नंतर हात धुवून, कुरवाळणे टाळून फक्त खाणे-पाणी करावे. मांजराला मुखपट्टी बांधू नये आणि त्याच्या अंगाला सॅनिटायझर लावू नये.

खरी अडचण वेगळीच असते. २०२० मध्ये घरातल्या एकाला बाधा झाली की सगळ्यांनाच विलगीकरण केंद्रात नेले जाण्याचे प्रसंग आले, आणि मांजरे कुलूपबंद घरात राहिली. म्हणून एक दुसरा सांभाळणारा आधीच ठरवावा, शक्यतो दुसऱ्या गल्लीतला, आणि त्याच्याकडे किल्ली द्यावी. दाराच्या आत डोळ्यांच्या उंचीवर एक कागद चिकटवावा : किती मांजरे आहेत, कोणते कोठे लपते, कोणाला कोणते औषध, किती खाद्य, डबा कोठे, कोणते दोघे एकत्र सोडायचे नाहीत, पशुवैद्यकांचा क्रमांक. हा कागद महिन्यातून एकदा वाचून दुरुस्त करावा. बाहेरच्या खाण्याच्या जागाही त्यावर लिहाव्यात, नाहीतर घरातली मांजरे वाचतात आणि फाटकाशी वाट पाहणारी उपाशी राहतात.

नसबंदी आणि नवे घर

मांजरीचा गर्भकाळ सुमारे नऊ आठवड्यांचा असतो. ती चारपाच महिन्यांची असतानाच गाभण राहू शकते, आणि पहिली पिल्ले अंगावर पीत असतानाच पुन्हा माजावर येते. खाणे घालून नसबंदी न करणे म्हणजे सहा महिन्यांनी त्याच वाटीवर दुप्पट तोंडे बोलावणे. टाळेबंदीत शस्त्रक्रिया थांबल्या होत्या, आणि त्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर पिल्लांची जी रीघ लागली तिचे कारण तेच होते. शस्त्रक्रिया पुन्हा सुरू झाल्याबरोबर ज्या जागी आपण खाऊ घालतो तेथल्या माद्या आधी न्याव्यात, बोके नंतर. भूल दिलेली असतानाच कानाचे टोक किंचित कापून घ्यावे, म्हणजे त्याच मांजरीला कोणी दुसऱ्यांदा पकडणार नाही.

पिल्लू देताना घाई नको. टाळेबंदीत घरी बसून कंटाळलेली माणसे हौसेने मांजर मागतात, आणि कामावर जाणे सुरू झाले की तेच पिल्लू परत करतात. घर भाड्याचे असेल तर मालकाची संमती, गच्ची-खिडक्यांना जाळी आहे का, सुटीत गावाला जाताना मांजराचे काय करणार आणि नसबंदीचा खर्च कोण उचलणार, एवढे चार प्रश्न समोर बसून विचारावेत. उत्तर टाळणाऱ्या घरी पिल्लू देऊ नये. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू कोणालाही देऊ नये, आणि जमल्यास दोन भावंडे एकत्र द्यावीत. पिल्लासोबत त्याच्या लशींचा कागद, ते ज्या टॉवेलावर झोपत होते त्याचा एक तुकडा आणि आठवडाभर पुरेल इतके नेहमीचे खाद्य द्यावे. पहिल्या दोन आठवड्यांत दोनदा फोन करावा, आणि घर जमले नाही असे कळले तर पिल्लू परत घ्यायला स्वतः जावे. ते आणून पोहोचवण्याची वाट पाहिली तर ते वाटेतच कोठेतरी सोडले जाते.